अ‍ॅन्सेल डांबरावर पोहोचला

१

पेशन्सच्या डोहात सोमवारी सकाळी अ‍ॅन्सेल एस्ट्लोची जीप सापडली, आणि जीपमध्ये अ‍ॅन्सेल. जीपचं नाक पाण्यात होतं, मागची चाकं काठावर. पाणी आमच्या इकडचं, देवदाराच्या मुळांतून झिरपून कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं. त्यात तो छातीपर्यंत बसला होता. डोकं पाण्याच्या वर होतं आणि डोळे उघडे होते. तो सापडला ट्रिना पॅन्कोस्टला, हॅना फोर्जच्या सरकारी जंगलात गस्त घालणाऱ्या पार्क पोलीस पोरीला, आणि त्याच दिवसापासून तिचे ग्रह फिरले.

मी काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत तपासाचं काम करते. नाव लोइस क्रेमर, जन्म याच पाइनच्या रानातला, स्वभाव तिखट, असं माझे दोन्ही माजी नवरे सांगतील. मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण मेलेल्या माणसाने आदल्या संध्याकाळी आपण सुखरूप असल्याचं कळवल्याचं पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्याकडच्या जीपवाल्यांची एक रीत आहे. रविवारी दिवसभर वाळूच्या वाटांवर हुंदडून झालं की दिवेलागणीला गाडीतल्या रेडिओवर हजेरी होते. बक गर्बर आपल्या गॅरेजात बसून एकेकाचं नाव घेतो. जो जंगलाबाहेरच्या डांबरी रस्त्याला लागला असेल तो आपलं नाव सांगतो आणि म्हणतो, "डांबर." एक जरी राहिला तरी बाकीचे घरी जात नाहीत, सगळे पुन्हा आत वळतात आणि त्याला शोधून काढतात. ही रीत बकच्या बापाने घातली, आणि बायकोच्या बाळंतपणालासुद्धा कोणी ती मोडलेली नाही.

त्या रविवारी बकने अ‍ॅन्सेलचं नाव घेतलं. थोडी खरखर झाली. मग उत्तर आलं, "अ‍ॅन्सेल. डांबर." सगळे जेवायला घरी गेले.

जीप मात्र डोहातून हललीच नव्हती. पेशन्स नावाची लोहाराची बायको दीडशे वर्षांपूर्वी तिथे बुडाली, तेव्हापासून डोहाशी कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ देऊ नये, असं आमच्या आया आम्हाला सांगत. इथे उलटंच झालं होतं. नाव गावातून घेतलं होतं आणि ओ डोहातून आली होती.

२

पार्क पोलिसांचा कॅप्टन स्टोल मला डोहाकडे घेऊन गेला. त्याच्या आणि जीपवाल्यांच्या मधून विस्तव जात नाही. त्याच्या मते जंगल बेडकांचं आणि ऑर्किडांचं आहे, जीपवाल्यांच्या मते त्यांच्या आज्याचं. गेली दोन वर्षं सगळ्या वाटांना कुलूप लावायचं घाटत होतं आणि त्यावरून सभांमध्ये खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या.

जंगलाच्या तोंडाशी एक मोकळी जागा आहे. तिथे जीपवाले थांबून टायरांतली हवा सोडतात. मऊ टायर वाळूवर पसरतो, रुतत नाही. परत आले की तिथेच पंप लावून हवा भरतात, मग डांबरावर चढतात. कॅप्टन तिथे थांबला नाही. सरकारी गाडीच्या टायरांत हवा पूर्ण ठेवायची, हा त्याचाच हुकूम. कधी हायवेवर धावावं लागेल सांगता येत नाही. परिणामी आम्ही साखरेसारख्या बारीक वाळूत दोनदा रुतलो, आणि दोन्ही वेळा ढकलायला मी उतरले. "कॅप्टन, तुझे बेडूक हसतायत," असं मी त्याला म्हटलं. त्याला ते आवडलं नाही.

बेडूक खरोखर ओरडत होते. मार्च महिना, थंडीचा कडाका अजून सरला नव्हता, आणि खात्याने वाळकं गवत जाळायला मुद्दाम लावलेल्या वणव्याचा वास सगळ्या रानाला होता. काळे पडलेले पाइन उभे होते. डोह दिसला तसे बेडूक एकदम गप्प झाले. मला भुतंखेतं खरी वाटत नाहीत, पण त्या शांततेत मी कॅप्टनच्या जरा जवळ सरकले हे खरं आहे.

वाटेवरच्या ओल्या वाळूत चाकांचे ठसे स्पष्ट होते, ते पुसू नयेत म्हणून त्यांवर खोके पालथे घालून ठेवले होते. एक ठसा अ‍ॅन्सेलच्या जीपचा. त्यावरून गेलेला दुसरा, नागमोडी खाचांचा. "हा आमच्या गस्तीच्या गाडीचा टायर," कॅप्टन म्हणाला. "खातं दुसरा विकतच घेत नाही." दोन्ही ठसे पसरट आणि उथळ होते, टायरच्या कडेच्या बारीक रेघांसकट उमटलेले. आमच्याच गाडीने मागे सोडलेले ठसे मी वळून पाहिले. त्याच नागमोडी खाचा, पण दोन अरुंद, खोल चर.

नागमोडी ठसा डोहाच्या जरा अलीकडे वळून परत गेला होता. याचा अर्थ कॅप्टनने मला समजावून सांगितला. ट्रिना पॅन्कोस्टने अ‍ॅन्सेलचा पाठलाग केला, जो करायला खात्याची सक्त मनाई आहे. अ‍ॅन्सेल घाबरून डोहात घुसला. पाण्याखाली वणव्यात पडलेला ओंडका होता, जीप त्यावरून घसरून नाकावर आदळली, पुढचा भाग चेपला आणि त्याचा पाय स्टिअरिंगखाली अडकला. ट्रिनाने ते पाहिलं आणि गाडी वळवून निघून गेली. सकाळी जणू काही अवचित सापडल्यासारखं केलं.

"आणि रेडिओवर कोण बोललं?" मी विचारलं.

"अ‍ॅन्सेलच. बाकीच्यांना घरी घालवायला थाप मारली असेल, म्हणजे एकट्याला मोकळं रान. पाठलाग त्यानंतर झाला."

त्याला घाई होती. एक पोरगी बळी देऊन खातं वाचत असेल तर त्याची तयारी होती. सरकारी वकील शुक्रवारी ट्रिनावर गुन्हा दाखल करणार होते, मनुष्यवधाचा. मला त्या आधी काय ते शोधायचं होतं.

३

जंगलाच्या तोंडाशी आर्डिथ हेन्स राहते. तिचं वय विचारायची कोणाची छाती नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावून जीपवाल्यांची हजेरी ऐकणं ही तिची करमणूक. मी गेले तेव्हा रेडिओवर टॉवेल टाकलेला होता.

तिने सांगितलं ते असं. रविवारी ऊन कलल्यावर अ‍ॅन्सेल एकटा आत गेला. तो दर महिन्याला बापाच्या कबरीवर जायचा, लोखंड वितळवायच्या जुन्या भट्टीपाशी. जरा वेळाने मागून हिरव्या पट्ट्याची पांढरी गाडी गेली. पुढे काचेत दिवा फिरत होता. मग लांब आत सायरन ऐकू आला आणि थांबला. थोड्या वेळाने पांढरी गाडी बाहेर आली, मोकळ्या जागेत थोडा वेळ थांबली आणि गेली. आर्डिथने बटाटे सोलले. मग हजेरी झाली.

म्हणजे सायरन आधी, ओ नंतर. कॅप्टनची गोष्ट इथेच लंगडी पडली.

"गाडी कोण चालवत होतं?"

"काचेवर दिव्याचा उजेड. निळाच निळा. माणूस दिसला नाही. मोकळ्या जागेत गाडी झुडपांआड होती." ती टॉवेलकडे बघत राहिली. "आवाज मात्र एस्ट्लोंच्या पोराचाच होता, लोइस. मी त्याला पाळण्यात पाहिलाय. आता हे यंत्र लावायची मला भीती वाटते. परत बोलला तर?"

मी तिला म्हटलं, मेलेली माणसं रेडिओ वापरत नाहीत. ती म्हणाली, तुला काय माहीत, तू अजून मेली नाहीस.

ट्रिना भेटली ती तिच्या आईच्या घरी, परसात लाकडं फोडताना. बिल्ला आणि पिस्तूल काढून घेतलं होतं. ती जेमतेम तिशीची, याच गावची. गावातली पोरगी पार्क पोलिसात गेली हेच लोकांना रुचलं नव्हतं. रविवारी ती जंगलाच्या दुसऱ्या टोकाला टेहळणीच्या मनोऱ्यावर बसून वणव्याच्या धुरावर नजर ठेवून होती. साक्षीदार कोणी नाही.

"तुझं आणि अ‍ॅन्सेलचं वाजलं होतं ना?"

"वाजलं होतं. मी त्याला तीनदा दंड केला. भर सभेत तो मला म्हणाला, आमच्याच मातीत उगवून आम्हालाच टोचणारा काटा." तिने कुऱ्हाड ठेवली. "नंतर बाहेरगावचे लोक येऊन तळ्यात गाड्या घुसळून गेले. सगळी बेडकांची अंडी चिखलात गेली. त्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, पोरी, टोच, पण नेमकं टोच."

तिथून पुढचं मला नवीन होतं, आणि खात्यातही कॅप्टनखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. हिवाळाभर ती आणि अ‍ॅन्सेल त्याच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसले होते. तळ्यांकाठच्या वाटा बंद, बाकीच्या कायमच्या खुल्या, असा तोडगा त्यांनी काढला होता. गुरुवारच्या सुनावणीत अ‍ॅन्सेल उभा राहून तो मांडणार होता. जीपवाल्यांनी दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं, त्याचं ऐकलं असतं. कॅप्टनला सगळंच बंद हवं होतं, म्हणून तो आता त्या नकाशाचं नावही काढत नव्हता.

"बंद होणाऱ्यांत कोणती मोठी वाट होती?"

"जुन्या भट्टीची. कबरस्तानाची. ती तळ्याला लागूनच जाते. चालत जाता येईल, गाडी नाही. अ‍ॅन्सेलला जड गेलं, पण तो हो म्हणाला."

मग तिने एक वाक्य म्हटलं, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. "मॅडम, तुरुंगाचं एक वेळ राहू दे. मी माणसाला पाण्यात टाकून निघून गेले, असं लोक म्हणतात. माझ्या आईशी दुकानात कोणी बोलत नाही."

४

बक गर्बर माझ्या वर्गात होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. ट्रिनाला घरी बसवल्याशिवाय दाढी करणार नाही असं त्याने हिवाळ्यात जाहीर केलं होतं आणि दाढी छातीपर्यंत आली होती. त्याच्या अंगणात एक पांढरी गाडी उभी असते. पार्क पोलिसांनी लिलावात काढलेली जुनी गस्तीची गाडी त्याने सरपण वाहायला घेतली होती. हिरवा पट्टा त्याने मुद्दाम पुसला नव्हता, तो पाहून कॅप्टनचं पोट दुखावं म्हणून. टायर नागमोडी खाचांचे, खात्याचेच.

त्या दिवशी बक बडबडला नाही. गॅरेजातला दिवा भर दुपारी चालू होता. रविवारपासून तो बंदच केला नाही म्हणाला.

"मी नाव घेतलं आणि त्याने ओ दिली, लोइस. माझ्या कानांनी ऐकली. आता रोज दिवेलागणीला वाटतं, आपण नाव घेतलं तर तो परत ओ देईल. अर्ध्या लोकांनी जंगलात जाणं सोडलंय."

"त्या दुपारी तू कुठे होतास?"

"या स्टुलावर, अंगणाकडे पाठ करून. दिवसभर सगळ्यांशी बोलत. विचार हवं त्याला."

विचारायची गरज नव्हती, आर्डिथने त्याची बडबड दुपारभर ऐकली होती. मी अंगणात जाऊन पांढऱ्या गाडीच्या टायरांना एकेक लाथ मारली. चारही टणक. किल्ली आतच लटकत होती. आमच्याकडे अंगणातल्या गाडीची किल्ली काढत नाहीत, शेजाऱ्याला लागली तर काय करायचं?

"टायरांत हवा कधी भरलीस?"

बक बाहेर आला. म्हणाला, या खटाऱ्याला कोण हवा भरतो, मागच्या डाव्या चाकात तर ती आठवडाभर टिकत नाही. मग त्याने स्वतः चाक दाबून पाहिलं आणि तसाच वाकून उभा राहिला. माणसाच्या मनात एखादी गोष्ट शिरताना पाठीवरून दिसते, ते मी तेव्हा पाहिलं.

मी त्याला अंगणातच सगळं मांडून दाखवलं. पार्क पोलीस हवा भरलेल्या टायरांवर वाळूत जातात, रुततात, अरुंद खोल चर पाडतात. डोहापाशी खाचा पोलिसांच्या होत्या, पण ठसा पसरट होता, कडेच्या रेघांसकट. म्हणजे हवा सोडलेला टायर. पोलीस व्हायचं सोंग घेतलेल्या माणसाने दिवा लावला, सायरन वाजवला, पोलिसांचीच गाडी घेतली, आणि वाळूच्या तोंडाशी आल्यावर उतरून चारही चाकांतली हवा सोडली. विचारही न करता, आपण दारात चपला काढतो तशी. परतताना आर्डिथच्या घराजवळच्या मोकळ्या जागेत थांबून ती परत भरली, चारही चाकांत सारखी. तुझ्या गळक्या चाकातसुद्धा. जित्याची खोड.

"दिवाही निळाच होता," मी म्हटलं. "पोलिसांचा लाल-निळा असतो. नुसता निळा कोणाचा?"

बकची नजर आपल्या गाडीकडे गेली. त्याच्या स्वतःच्या गाडीत तसला दिवा आहे. गावच्या आगीच्या बंबावर स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीत असतो, आणि सायरन वाजवणारा हातातला भोंगा बंबाच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो.

"म्हणजे आमच्यातला," तो शेवटी म्हणाला.

"तुमच्यातला. रविवारी बाकीचे सगळे एका रांगेत, एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते. लवकर कोण निघालं होतं?"

बक स्टुलावर जाऊन बसला. त्याने रेडिओकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याने ती ओ पुन्हा मनात ऐकली. तीस वर्षं अ‍ॅन्सेलचा आवाज ओळखणाऱ्या डझनभर माणसांना फसवेल असा आवाज जगात आणखी एकाच गळ्यात होता.

"ऑरिन," तो म्हणाला. "आईला जेवायला घालायचंय म्हणून गेला. त्याचं डांबर सगळ्यात आधी झालं होतं." आणि मग, अगदी हळू, "पण तो तर भाऊ आहे त्याचा."

५

अ‍ॅन्सेलचा धाकटा भाऊ ऑरिन आईबरोबर राहतो. ओपल एस्ट्लोला पाय नाहीत म्हटलं तरी चालेल, चाकांच्या खुर्चीत ती खिडकीशी बसलेली असते. मी गेले तेव्हा तो तिच्यासाठी पोर्क रोलच्या चकत्या परतत होता. चार दिवसांत तो निम्मा झाला होता. मला पाहून त्याने आच बंद केली, ताट आईपुढे ठेवलं, तिच्या गळ्याशी रुमाल लावला आणि मला मागच्या पायरीवर घेऊन आला.

मी टायरांपासून सुरुवात करणार होते. केली नाही. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेली आणि आम्ही बाहेर न सांगितलेली एकच गोष्ट मी त्याला सांगितली.

"ऑरिन, अ‍ॅन्सेल बुडून गेला नाही. थंडीने गेला. अंधार पडून बराच वेळ झाला होता तेव्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं. "नाही," तो म्हणाला. "तो डोह पार करून गेला होता. अ‍ॅन्सेल कधी अडकला नाही, मिस लोइस. आयुष्यात नाही."

मग त्याने सगळं सांगितलं, न थांबता. दर महिन्याला अ‍ॅन्सेल बापाच्या कबरीवर एकटा जायचा, पण वर्षातून एकदा, मे महिन्यात, दोघे भाऊ आईला जीपमध्ये उचलून ठेवत आणि घेऊन जात. तेवढा एक दिवस ती वर्षभर धरून बसायची. नव्या नकाशात ती वाट बंद होत होती, आणि अ‍ॅन्सेलने स्वतःच्या हाताने त्यावर रेघ मारली होती. त्यावरून भावाभावांत हातघाई झाली. अ‍ॅन्सेल म्हणाला, आपण तिला पाठीवर घेऊन जाऊ. ऑरिनला वाटलं, त्या पोरीने त्याला भुलवलं. तिच्यावरचा अ‍ॅन्सेलचा विश्वास एकदा उडाला की तो गुरुवारी उभा राहणार नाही, एवढाच त्याचा हिशोब होता. म्हणून बकची गाडी, बंबाचा भोंगा, निळा दिवा. आरशात पट्टा आणि दिवा दिसला की अ‍ॅन्सेल समजेल ट्रिनाच मागे लागली आहे.

"रानातल्या वाटेवर मागे सायरन वाजला की आमचा पाय दाबलाच जातो," ऑरिन म्हणाला. "तो थांबला असता तर मी दिवा बंद करून हसलो असतो. देवाशप्पथ. तो थांबलाच नाही."

डोहाच्या वळणापाशी ऑरिनने गाडी वळवली. पाण्यात जीप शिरल्याचा आवाज त्याने ऐकला होता आणि भाऊ पलीकडे निघाला असं धरून चालला होता. गाडी बकच्या अंगणात ठेवून तो आपल्या गाडीत बसला. मग हजेरी आली. बकने अ‍ॅन्सेलचं नाव घेतलं, आणि कोणी बोललं नाही. ऑरिनला वाटलं, तो रागावून रेडिओ बंद करून बसला असेल. ओ आली नाही तर सगळे आत वळणार, वाटेवर ताजे नागमोडी ठसे बघणार, आणि ट्रिना तिकडे फिरकलीच नव्हती हे कळून सोंग उघडं पडणार. म्हणून त्याने भावाच्या नावाने ओ दिली.

सगळे आत वळले असते तर त्यांनी अ‍ॅन्सेलला जिवंत बाहेर काढलं असतं. हे मी बोलले नाही. पायरीवर आम्ही दोघे बसलो होतो आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"ट्रिनावर शुक्रवारी गुन्हा दाखल होणार होता," मी म्हटलं. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. "तू गप्प बसून पाहणार होतास?"

"रोज सकाळी तुमच्याकडे यायला निघायचो. मग आईला उठवायची वेळ व्हायची."

आत जाऊन त्याने आईला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. ओपलचा आवाज एकदाच आला. तिने विचारलं, मग आता मला उठवणार कोण?

६

गुरुवारची सुनावणी झालीच नाही. ट्रिनाला बिल्ला परत मिळाला. कॅप्टनने तिच्यापुढे हात केला, तो तिने घेतला, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. बकने दाढी काढली आणि तिच्या आईच्या दारात डुकराची भाजलेली मांडी ठेवून पळून गेला. माफी मागायची आमच्याकडे हीच पद्धत आहे.

शुक्रवारी सकाळी ऑरिनने निरोप पाठवला, मोठ्या तुरुंगात नेण्याआधी ट्रिनाला भेटायचंय. मी तिला म्हटलं, तू यायला बांधील नाहीस. ज्याने तुझ्या गळ्यात हे लोढणं बांधलं त्याचं तोंड बघायची गरज नाही. ती आली.

कचेरीतल्या छोट्या खोलीत ती त्याच्यासमोर बसली. मी भिंतीशी उभी राहिले. त्याने माफी मागितली. ती अडखळत, वाईट पद्धतीने मागितली, तशीच ती खरी असते. ट्रिनाने मान हलवली. मला वाटलं संपलं.

"एक विचारायचंय," ऑरिन म्हणाला. "सकाळी तू त्याला पहिल्यांदा पाहिलंस. जीपमधला रेडिओ चालू होता का?"

ट्रिनाने मांडीवरची टोपी उलटी केली.

"माइक तुटून पाण्यात गेला होता असं पोलीस म्हणाले, म्हणून त्याला बोलता आलं नाही. पण त्याची बॅटरी उंचावर, सीटच्या मागे. रेडिओ छताला." तो टेबलाच्या कडेला धरून होता. "बकने त्याचं नाव घेतलेलं त्याने ऐकलं का? आणि मग मी बोललो, ते? त्याच्या नावाने मी बोललो ते त्याला ऐकू गेलं का?"

इथे मला तुम्हाला काही सांगितलं पाहिजे. पहिल्याच भेटीत, परसातल्या लाकडांशेजारी, ट्रिनाने मला ती सकाळ सविस्तर सांगितली होती. काठावरून तिला पहिल्यांदा ऐकू आली ती रेडिओची खरखर. तिला वाटलं कोणीतरी श्वास घेतंय. ती छातीइतक्या पाण्यातून जीपपर्यंत गेली, आधी त्याची नाडी पाहिली, आणि मग हात वर करून तिने स्वतः बटण बंद केलं. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून मी ते कुठे सांगितलं नव्हतं.

ऑरिन तिच्याकडे बघत होता. मी इतकी वर्षं माणसांना त्या खुर्चीत बसवते आहे, पण कोणाला उत्तराची इतकी भीती वाटताना पाहिलेलं नाही.

"बंद होता," ट्रिना म्हणाली. "पूर्ण बंद. जीप आदळली तेव्हाच बंद पडला असणार. त्याला काहीच ऐकू गेलं नसेल."

ऑरिनने टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडला. ती उठली नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.

नंतर आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. तिने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"मॅडम," ती म्हणाली, "हे लिहून घेणार?"

"काय लिहून घेणार?" मी म्हटलं, आणि तिला गाडीपर्यंत सोडायला गेले.